गरोदरपणातील रक्तदाब: घरी मोजावा की दवाखान्यात?

गरोदरपणात दवाखान्यात मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला मानतात. घरच्या यंत्रावर मात्र ही मर्यादा सहसा १३५/८५ धरली जाते, कारण ओळखीच्या वातावरणात आकडा थोडा कमी येतो. डॉक्टरांसमोर बसल्याच्या धास्तीनेच दाब चढणाऱ्या स्त्रियाही असतात आणि त्यांचे खरे चित्र घरच्या नोंदींतूनच उमगते. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत चढलेला दाबही घरीच लवकर लक्षात येतो. माझ्या मते घरच्या मोजणीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

अर्थात मोजणी नीट हवी. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि तो दंडाच्या मापाचा असावा, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. यंत्रही गरोदर स्त्रियांवर पडताळलेले हवे. काही यंत्रे प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे रक्तदाब वाढून इतर अवयवांनाही इजा पोहोचवणाऱ्या गरोदरपणातील आजारात, खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतात आणि हा खोटा दिलासा घातक ठरू शकतो.

लघवीतील प्रथिने, प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, बाळाची वाढ यांची तपासणी मात्र दवाखान्यातच होते. त्यामुळे घरच्या वहीच्या भरवशावर ठरलेली भेट कधीही टाळू नये. आकडा १६०/११० ला पोहोचला, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले किंवा उजव्या बरगडीखाली कळ आली, तर पुन्हापुन्हा मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.