पोह्यांच्या कागदाला जवस की कार्नोबा?
इंदूरला पोहे कागदावर घेतले की वाफेनं तळ भिजतो, जिरावण (पोह्यांवर भुरभुरवतात तो मसाला) हातालाच लागतं. म्हणून घरी दोन लेप करून पाहिले.

जवसाचं तेल स्वस्त, बोळ्यानं पुसलं की झालं. पण ते पाण्यासारखं उडून वाळत नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, कागद पिवळा पडतो, वासही राहतो. (तेलकट बोळा चुरगळून टाकू नका, आपोआप पेटू शकतो.)

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण. ८२ ते ८६ अंशांना वितळतं. पातळ थर देऊन वरून इस्त्री फिरवली, की पाण्याचा थेंब मण्यासारखा घरंगळतो. घडीवर मात्र तडकतं, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

पोह्यांना कार्नोबाच, घडी न घालता. जवस वहीच्या पुठ्ठ्याला.