काळ्या मातीत पिनपॉइंटर : नऊ महिन्यांनंतर

रविवारी सकाळी शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा नाद मला तीन वर्षांपासून आहे. नोकरी जळगावला, शेत अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून जवळ. पिनपॉइंटर मात्र गेल्या दिवाळीत घेतला. त्याआधी माझं म्हणणं असायचं की एवढं मोठं यंत्र हातात असताना आणखी ही वीतभर कांडी कशाला? नऊ महिन्यांत मत बदललं, पण सरसकट नाही. कुठे बदललं आणि कुठे नाही, तेच सांगतो.

ज्यांनी पिनपॉइंटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: गाजराच्या आकाराची प्लास्टिकची कांडी, टोकात फेराइटच्या (चुंबकाला लागणाऱ्या काळ्या सिरॅमिकच्या) सळईवर गुंडाळलेली तांब्याची तार, मागे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. टोकाभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्याच्यात प्रवाह फिरतो, क्षेत्रात फरक पडतो आणि कांडी थरथरते किंवा टिकटिक करते. जसजसं जवळ जाल तसतशी टिकटिक घाईची होते. वस्तू लोखंडाची की चांदीची, हे बहुतेक पॉइंटर सांगत नाहीत. ती चौकशी मोठ्या यंत्राने आधीच केलेली असते. याचं काम एवढंच, की खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणं.

आता आमच्या मातीचं गाऱ्हाणं. परदेशातल्या व्हिडिओत हिरवळीचा गोल तुकडा कापून उलटतात आणि नाणं बाजूला चमकत पडलेलं असतं. आमच्याकडे जमीन काळी, ढेकूळ काळं आणि पन्नास वर्षं त्यात राहिलेलं नाणंही काळं. ओल्या मातीत नाणं गुंडाळलं गेलं की त्याचंच एक ढेकूळ होतं. खुरप्याने वीतभर खड्डा केला की बाहेर तीस-चाळीस ढेकळं पडतात आणि त्यातल्या एकाच्या पोटात वस्तू असते. मग एकेक फोडत बसा. माझ्या डिटेक्टरचं वेटोळं अकरा इंची आहे. उभं-आडवं फिरवून तो तळहाताएवढी जागा दाखवतो, पण ढिगाऱ्यातलं कुठलं ढेकूळ ते दाखवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. पिनपॉइंटर खरा कामाला येतो तो इथे. ढिगाऱ्यावरून टोक फिरवायचं, ज्या ढेकळाशी थरथरेल ते उचलायचं. मी वहीत टिपून ठेवतो (शाळेपासूनची खोड), त्यावरून सांगतो: पूर्वी एका खड्ड्याला सहा-सात मिनिटं जायची, आता दोन-तीन. सकाळी नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही अशा मुलखात हा फरक मोठा आहे. शिवाय खुरप्याचा ओरखडा नाण्यावर पडायचा तो बंद झाला. 1970 चं कमळाचं पितळी वीस पैशाचं नाणं मी पॉइंटर नसताना असंच खरवडून ठेवलंय. ते पाहिलं की अजून जीव हळहळतो.

पण सुरुवात अशी गोड नव्हती. मी घेतला तो दोन हजार तीनशेचा चिनी पॉइंटर. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तोच नमुना दहा नावांनी विकला जातो. घरात गादीवर पाच रुपयांचं नाणं ठेवून पाहिलं, तर झकास. शेतात नेला आणि मातीला टोक टेकवताच ओरडायला लागला. खड्डा रिकामा असला तरी ओरडायचा, ढेकळाला लावला तरी ओरडायचा. पहिले दोन रविवार मला वाटलं, आमच्या वावरात खजिनाच आहे.

कारण मातीतच आहे. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली. त्या खडकात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला लागणारं लोहखनिज. नदीकाठच्या वाळूत चुंबक फिरवून बघा, काळी मिशी येते त्याला. ही सगळी खनिजं पॉइंटरला धातूसारखीच भासतात. स्वस्त यंत्रात माती आणि धातू यांतला हा फरक सावरायची सोय कमी असते, आणि कारखान्यातून येताना संवेदनक्षमता वाजवीपेक्षा चढवून ठेवलेली असते, कारण जाहिरातीत आकडा मोठा दिसतो.

उपाय सापडला, पण पाच-सहा रविवार खर्ची पडल्यावर. पहिलं म्हणजे संवेदनक्षमता एक पायरी खाली आणायची. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: पॉइंटर हवेत चालू करायचा, मग खड्ड्याच्या कडेला कोऱ्या मातीला टेकवायचा आणि बटण एकदा पटकन दाबून सोडायचं. त्या क्षणी तो समोरच्या मातीला शून्य मानतो आणि त्याहून जास्त काही असेल तरच बोलतो. हीच युक्ती दुसऱ्या बाजूनेही वापरता येते. वस्तूच्या जवळ जाऊन सतत ठणाणा सुरू झाला की तिथेच बटण दाबायचं. त्याचा पट्टा आखूड होतो आणि वस्तूला जवळजवळ टोक लागल्यावरच तो पुन्हा वाजतो. मात्र याच्या पोटात एक फसगतही आहे. नाण्याला टेकवूनच चालू केलात तर तो नाण्यालाच शून्य मानून गप्प बसतो. माझ्या पुतण्याने असं करून एक अख्खी सकाळ "काका, बिघडला" म्हणत घालवली.

आणखी एक त्रास पहिल्या दिवशी कळत नाही. मोठा डिटेक्टर चालू ठेवून जवळ पॉइंटर लावला की दोघं एकमेकांवर कोकलतात. डिटेक्टर दोन पावलं मागे आडवा ठेवावा नाहीतर बंद करावा. खुरपं, विळा, बुटाच्या टाचेतले खिळे, हातातली अंगठी, यांनीही तो दचकतो. मी आता घड्याळ आणि अंगठी घरीच काढून ठेवतो.

फेब्रुवारीत धुळ्याच्या मित्राने त्याचा गॅरेट प्रो-पॉइंटर एटी तीन आठवड्यांसाठी दिला. तो माझ्या कांडीच्या कित्येक पट महाग. तुलना म्हणून पट्टी घेऊन मोजलं. पाच रुपयांचं नाणं हवेत धरलं तर माझा साधारण 3 सेंटीमीटरवरून बोलायचा, तो साडेचार-पाचवरून. पण ओल्या काळ्या मातीत, माझ्या पॉइंटरच्या खोडी वरच्या युक्त्यांनी आवरल्यावर, फरक सेंटीमीटरभराच्या आत आला. खरा फरक अंतरात नव्हताच. गॅरेट मातीला टेकला की गप्प राहायचा, म्हणजे वाजला तर विश्वास ठेवावा असा. तीन पायऱ्यांची संवेदनक्षमता, आवाज बंद करून नुसती थरथर ठेवायची सोय, 20 फूट म्हणजे सुमारे 6 मीटर पाण्यापर्यंत चालणारं बंद अंग. विसरून चालू राहिला तर पाच मिनिटांनी स्वतःच हाका मारतो. बोरीच्या काठाला झुडपात विसरून राहिल्यावर ही शेवटची सोय किती कामाची ते मला कळलं. परत देताना जीव तुटला हे कबूल. तरी माझ्यासारख्या रविवारच्या माणसाने तेवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. आठवड्याला तीन-चार दिवस निघणारा असेल, नदीत उतरणारा असेल, त्याने घालावेत.

आता मे महिन्यातली गोष्ट. काळी जमीन त्या दिवसांत फाटते, चार-चार बोटांच्या भेगा पडतात आणि त्यांच्यात काय जाईल ते गेलं. काकूचं चांदीचं जोडवं पऱ्हाटीची मोळी बांधताना पडलं. कोणत्या सरीत पडलं हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण हाती काही लागेना. डिटेक्टर फिरवल्यावर एका भेगेवर चांगला, स्वच्छ आवाज आला. मेमधली काळी जमीन खोदायची म्हणजे पहारीने दगड फोडायचा. एरवी मी तास घालवला असता. पॉइंटरचं टोक भेगेत सोडलं, भिंतीच्या कडेने खाली नेलं आणि वीतभर आत तो थरथरला. पॉइंटरचं टोकच नव्हे, त्याची बाजूही थोडीफार ओळखते, म्हणून भेगेच्या कुठल्या भिंतीला वस्तू टेकली आहे हेसुद्धा कळलं. तारेला आकडा करून जोडवं वर काढलं, एकही ढेकूळ फोडलं नाही. काकूने त्या दिवशी शेवभाजी खाऊ घातली. माझ्या दोन हजार तीनशेपैकी निम्मे मी तिथेच वसूल धरले.

उरलेले निम्मे वसूल झाले असं म्हणता येत नाही, कारण कापूस वेचणीत हरवलेली नाकातली सोन्याची फुली. वेचायला आलेल्या बाईंची, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. दोन दिवस शोधली, नाही सापडली. मग घरात तेवढीच फुली घेऊन पाहिलं, तर मोठं यंत्र तिच्याकडे बघायलाही तयार नव्हतं आणि पॉइंटर जवळजवळ चिकटवल्यावरच बोलला. बारीक सोन्याच्या वस्तूसाठी कोणी पिनपॉइंटर घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. जागा माहीत असली तर माती चाळणीतून काढणंच बरं.

काय सापडतं, असं सगळेच विचारतात. वहीतली यादी खरी सांगायची तर बैलाच्या नालीचे तुकडे, वखराच्या पासेचा तुटका कोपरा, बाइंडिंगची तार, बाटल्यांची बुचं, गोळ्यांच्या पाकिटातलं अॅल्युमिनियम, ट्रॅक्टरची पिन, आणि चाळीसच्या दशकातला भोकाचा एक पैसा, एकच. लोखंडी कचरा इतका, की पॉइंटरचा निम्मा वेळ तोच वेचण्यात जातो. पण तो वेचला तर पुढच्या वर्षी पायात जाणार नाही, म्हणून आबांनी हा नाद अजून खपवून घेतला आहे.

बांधावरून जाणारे मात्र हटकतातच. "जिभाऊ, सोनं सापडनं का?" हा प्रश्न ठरलेला. दोघा-तिघांनी तर बाजूला घेऊन विचारलं, की आमच्या पडक्या वाड्यात यंत्र फिरवशील का, पायाळू माणूसही (पायाकडून जन्मलेला; डोळ्यांत अंजन घातलं की त्याला गुप्तधन दिसतं अशी समजूत) बघून ठेवला आहे. यावर माझं उत्तर एकच. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, अंजनवाला तिथे तुमच्या बाजूने उभा राहत नाही. शंभर वर्षांपलीकडची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते, तेही वेगळंच. आणि संरक्षित जागेजवळ तर फिरकूच नये.

आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. माझा नियम आहे, यंत्र काळीतच. गिरणाकाठचं बहाळ आणि तापीकाठचं प्रकाशे इथे पन्नासच्या दशकात उत्खननं झाली, आणि तिथला ताम्रपाषाण काळ कळला तो मातीचे थर एकावर एक जसेच्या तसे मिळाले म्हणून. पॉइंटर ज्या सफाईने वस्तू उपसून देतो, त्याच सफाईने तो थर मोडतो. माझ्या पुतण्याला हे पटायला वेळ लागला, कारण पांढरीत आवाज जास्त येतात.

घ्यायचा की नाही, या प्रश्नाला मी आता माणूस बघून उत्तर देतो. नुकतंच यंत्र घेतलं असेल तर थांबा. दोन-तीन महिने मोठ्या डिटेक्टरचेच आवाज ओळखायला शिका. तोवर हातची रीत पुरते: खड्ड्यातली माती मूठमूठ उचलून आडव्या ठेवलेल्या वेटोळ्यावरून न्यायची, आवाज आला ती मूठ अर्धी करायची, पुन्हा अर्धी करायची. वेळ लागतो, पण फुकट आहे, आणि हातात अंगठी नसेल तर चुकत नाही. महिन्यातून एकदा निघणाऱ्याने तर यावरच भागवावं. दर आठवड्याला निघत असाल आणि जमीन आमच्यासारखी काळी असेल तर साधा पॉइंटर घ्या, फक्त परत करायची मुदत किती आहे ते बघा आणि त्या मुदतीत गादीवर न तपासता शेतातल्या ओल्या ढेकळावर तपासा. मी गादीवर तपासत बसलो आणि मुदत गेली.

झिजेचं सांगायचं तर टोकाचं प्लास्टिक खड्ड्यात घासून पांढरं पडलंय. बॅटरीचं झाकण जूनच्या चिखलानंतर घट्ट बसत नाही, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे. मेमध्ये एकदा मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात राहिला तर सावलीत येईपर्यंत वेड्यासारखा वाजत होता. एक बॅटरी मला दोन-अडीच महिने जाते.

आणि एक उपयोग, जो कोणत्याच खोक्यावर लिहिलेला नाही. गावात जुनी धाब्याची घरं पाडतात तेव्हा सागवानी लाकूड रंधायला सुताराकडे जातं. त्यात बुडालेला एखादा खिळा लागला की रंध्याचं पातं गेलंच. आमच्या सुतारकाकांनी माझा पॉइंटर खांबावरून फिरवून पाहिला, अर्ध्या तासात अकरा खिळ्यांवर खडूने खुणा केल्या आणि विचारलं, "हाई कितलाले भेटस?" गेल्या मंगळवारपासून तो त्यांच्याकडेच आहे. रविवारच्या आत परत आणला पाहिजे.