हेल्मेटवरचा नंबर ओळखीचा होता, म्हणून फसलो

माझी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, स्टोअरला. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सेफ्टी शूज हे सगळं गेली अकरा वर्षं माझ्या सहीनं आत येतं. खोकं उघडायचं, शिक्का बघायचा, परवाना क्रमांक रजिस्टरला चढवायचा, मग माल रॅकवर. असं असताना मी सख्ख्या भाच्याच्या डोक्यावर बनावट हेल्मेट चढवून त्याला समुद्रात पाठवलं. जूनमधली गोष्ट. ताईला त्रास नको म्हणून आजवर बाहेर बोललो नव्हतो. पण मागच्या रविवारी जालन्याच्या एका प्रदर्शनात तोच माल, तीच खोकी, तोच निळा-पांढरा रंग दिसला, आणि एक बाई आपल्या लहान मुलीच्या डोक्यावर ते हेल्मेट बसवून बघत होत्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो.

ताई नांदेडला असते. भाचा एकवीस वर्षांचा, लहानपणापासून गोदावरीत पोहणारा. मित्रांच्या नादानं त्याला काइटसर्फिंगचं वेड लागलं. आपल्याकडं समुद्र नाही, बऱ्याच जणांनी हा प्रकार पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सांगतो. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-चोवीस मीटर लांब दोऱ्यांनी जोडलेला भला मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला. शिकाऊ माणूस पडला की फळी पायातून सुटते आणि लाटेबरोबर त्याच्याच अंगावर येते. वाऱ्याचा झोत आला तर पतंग त्याला पाण्यातून फरफटत नेतो. तो शिकायला जाणार होता त्या रामेश्वरमला पाणी उथळ आणि सपाट आहे, पाय टेकतात, म्हणून शिकायला बरं. पण कमरेइतक्या पाण्यात डोकं खाली आलं तर तळ लांब नसतो.

"मामा, मोठे सर्फर कुठं हेल्मेट घालायलेत?" असा त्याचा वाद होता. मी त्याला ओवेन राइटची हकीकत सांगितली. ऑस्ट्रेलियाचा नामांकित सर्फर. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध लाटेत त्याच्या मेंदूला इजा झाली, चालायला-बोलायला पुन्हा शिकावं लागलं. तिथून उठून त्यानं २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पॅरिस ऑलिंपिकमधल्या काइटच्या शर्यती २०२४ मध्ये मार्सेलला झाल्या, त्यांचे व्हिडिओही दाखवले. खेळाडूंच्या डोक्याला हेल्मेट होतं. पोराला पटलं. म्हणजे हेल्मेटसाठी मागे लागणारा मी, आणि ते विकत आणून देणाराही मीच.

मे महिन्यात शहरात एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात साहसी खेळांच्या सामानाचा गाळा होता. विकणारा तिशीतला, बोलायला गोड. 'सर्फिंग सेट' म्हणून हेल्मेट आणि गॉगल एकत्र. खोक्यावर १४,५०० छापलेले, प्रदर्शनात ७,८००. मी भाच्यासाठी एक आणि त्याच्या मित्रासाठी एक असे दोन सेट घेतले, १५,६०० रुपये. पैसे यूपीआयनं दिले.

तो माणूस कसा बोलला ते नीट सांगतो, कारण फसवणूक तिथंच झाली. त्यानं आधी मला विचारलं, दादा, आपण काय करता? मी वाळूजचं सांगितलं. त्यानं लगेच हेल्मेट उलटं केलं. आत आयएसआयचा शिक्का, शिक्क्याच्या वर आयएस २९२५. "दादा, तुमच्या कंपनीत याच नंबरचं हेल्मेट चालतं ना?" चालतं. रोज हाताखालून जातं. ओळखीचा नंबर दिसला आणि माझ्या मनातली शंका तिथंच मिटली. त्याला काहीही पटवून द्यावं लागलं नाही, मी माझं मीच पटवून घेतलं.

आयएस २९२५ हे कारखान्यातल्या हेल्मेटचं मानक आहे. वरून पाना पडला, वीट पडली, तर तो मार डोक्याला लागू नये यासाठी. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक वेगळं, आयएस ४१५१. पाण्यातल्या हेल्मेटची गरज आणखी तिसरीच. तिथं मार बाजूनं येतो, मागून येतो, कानावर येतो. पाण्याच्या जोरानं हेल्मेट डोक्यावरून निघता कामा नये, आत पाणी साचून राहता कामा नये, आणि सुटलंच तर ते तरंगलं पाहिजे. कयाक आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांसाठी युरोपचं ईएन १३८५ हे मानक आहे, आणि काइटसर्फिंगसाठी बनवलेली चांगली हेल्मेटंही बहुधा त्याच मानकाची असतात. म्हणजे शिक्का खरा असता तरी तो नंबर या कामाचा नव्हता. आणि शिक्का खराही नव्हता. आयएसआय चिन्हाच्या खाली सीएम/एल असं लिहून परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीला, कुठल्या वस्तूसाठी परवाना दिलाय ते दिसतं. कंपनीत मी प्रत्येक लॉटला हे करतो. त्या दिवशी गाळ्यासमोर केलं नाही. जूनअखेर घरी बसून तो क्रमांक टाकला, तर तसा परवानाच निघाला नाही.

गॉगलच्या बाबतीत तर त्यानं हातचलाखी केली. त्याच्याकडं एक कार्ड होतं, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर करडं, गॉगलमधून बघितलं तर आत माशाचं चित्र दिसायचं. पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणाऱ्या काचेची ती खूण खरीच आहे. पण त्यानं चित्र दाखवलं ते त्याच्या गाळ्यावरच्या नमुन्यातून. आम्हाला दिलेल्या बंद खोक्यातले गॉगल साध्या रंगीत प्लास्टिकचे होते. खोकं तिथंच फोडून, आपल्याच गॉगलमधून कार्ड बघायला हवं होतं. त्यातही एक लक्षात घ्या, त्या कार्डावरून फक्त चमक कापली जाते एवढं कळतं, अतिनील किरणं अडतात की नाही ते कळत नाही.

भाच्याला नांदेडहून रामेश्वरमच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशीच्या सरावानंतर रात्री फोन आला. "मामा, डोळ्यात वाळू गेल्यावाणी व्हायलंय, उजेड बघवंना." तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळाचा वरचा थर उन्हानं भाजलाय. समुद्रावर ऊन नुसतं वरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परतवतो, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के. आणि काच नुसती काळी असली तर आणखी वाईट, कारण अंधार वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडवलेली किरणं जास्तच आत जातात. वर्षानुवर्षं असं चाललं तर डोळ्यात मांस वाढतं. सर्फर लोकांत ते इतकं दिसतं की इंग्रजीत त्याला सर्फरचा डोळा असंच म्हणतात. आमच्या अण्णांना ते होतं, सगळा जन्म शेतात उन्हात गेलेला. म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही.

तरी माझ्या डोक्यात हेल्मेटचा विचार आला नाही, याची मला आजही खंत आहे. गॉगल खोटा निघाला तर त्याच खोक्यातलं हेल्मेट खरं कसं असेल? तिसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, "मामा, हेल्मेट पाणी पिऊन जड व्हायलंय, मान दुखायलीय." मी म्हणालो, सवय होईल, पण काढू नको.

चौथ्या दिवशी तो पडला. हनुवटीखालचं बक्कल सुटलं, हेल्मेट मागं सरकलं, आणि परत आलेल्या फळीची कड डाव्या कानाच्या वर लागली. पाच टाके पडले. सीटी स्कॅन साफ आला. शिकवणारा पोरगा जवळच होता, पाणी कमरेएवढं होतं. जरा पुढं, खोल पाण्यात हे झालं असतं तर, हा विचार ताई अजून बोलून दाखवते आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही.

तो परत आल्यावर मी ते हेल्मेट स्टोअरमध्ये जसं तपासतात तसं तपासलं. आतलं अस्तर अंगठ्यानं दाबलं तर अंगठा सरळ कवचाला टेकला. तो गादीतला साधा स्पंज होता. पाण्यातल्या हेल्मेटात बंद छिद्रांचा फोम असतो, त्यात पाणी शिरत नाही. काट्यावर ठेवलं तर कोरडं ४३० ग्रॅम भरलं, अर्धा तास बादलीत ठेवल्यावर ९६० ग्रॅम. बादलीत ते तरंगलंही नाही, बुडबुडे सोडत तळाला गेलं. रिबिटी लोखंडी, चार दिवसांत तांबडा गंज. बक्कल बंद करून पट्ट्याला जरा झटका दिला तर तीनदा उघडलं.

गॉगलमधून मोबाइलच्या चालू पडद्याकडं बघितलं आणि गॉगल हळूहळू आडवा-उभा फिरवला. खरी पोलराइज्ड काच बहुतेक पडदे कुठल्या तरी कोनात काळे किंवा अंधुक करते. इथं काहीच बदललं नाही. मग मोंढ्यातल्या एका ओळखीच्या आडत्याकडं गेलो. त्यांच्याकडं नोटा तपासायचा निळसर दिवा असतो. त्या दिव्याखाली पाचशेच्या नोटेवरचे आकडे चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये काच धरली की चमक विझली पाहिजे. आमच्या गॉगलमागं आकडे तसेच चमकत राहिले. ही घरगुती चाचणी आहे, पक्की खात्री हवी तर चष्म्याच्या चांगल्या दुकानात काच मोजायचं यंत्र असतं, पाच मिनिटांचं काम. गॉगलवर लिहितात त्या यूव्ही ४०० याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडतात. काचेवर तसं स्टिकर असणं म्हणजे तपासलेलं असणं नव्हे.

त्या खोक्यावर 'इम्पोर्टेड' लिहिलं होतं. बाहेरदेशातून आलेल्या पाकीटबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं आपल्या वजनमापाच्या २०११ च्या नियमांत बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर किंमत सोडून काही नव्हतं. एका कोपऱ्यात सीई ही अक्षरं होती, म्हणजे माल युरोपच्या नियमात बसतो अशी खूण. ती अक्षरं कुणीही छापू शकतो, म्हणून त्यासोबतचा माहितीचा कागद मागायचा. युरोपच्या नियमानुसार अशा हेल्मेटच्या कागदावर मानकाचा नंबर आणि ज्या संस्थेनं तपासलं तिचं नाव, पत्ता, क्रमांक असतो. कागद नाही म्हणजे पुढं बोलायची गरज नाही. बिलही मी साध्या कच्च्या पावतीवर घेतलं, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता म्हणून फक्त गाळ्याचा नंबर. प्रदर्शन उठलं आणि पत्ता संपला.

त्या माणसाला फोन केला. पहिल्यांदा त्यानं उचलला. भाच्याच्या टाक्यांचा फोटो पाठवला तर म्हणाला, दादा, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची वॉरंटी नसते. सर्फिंगचं म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून समोरच्याचं उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत पाच आठवडे उलटून गेले होते. पहिली नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. जालन्यात गाळा दिसला तेव्हा मी गाळ्याचा, फलकाचा आणि यूपीआयच्या नावाचा फोटो काढून घेतला, तो आता अर्जाला जोडलाय. कुणी हा निळा-पांढरा सेट घेतला असेल तर खोकं टाकू नका, हेल्मेट तुटलं असेल तरी तसंच ठेवा, पैसे दिल्याची नोंद मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि आपल्या जिल्ह्यात तक्रार करा. स्केटिंग किंवा सायकलसाठी घेतलं असेल तरी.

भाचा जानेवारीत पुन्हा रामेश्वरमला जाणार आहे. ताईनं होकार दिलाय, एका अटीवर. हेल्मेट तिथल्या शिकवणाऱ्या केंद्राकडून भाड्यानं घ्यायचं, आणि पाण्यात उतरण्याआधी तिला व्हिडिओ कॉल लावून ते बादलीत बुडवून दाखवायचं.