परसातील खेळघर: ऑस्बर्नचा साधेपणा की न्यूपोर्टची नजाकत?

मुलांसाठी परसात व्हिक्टोरियन धाटणीचे खेळघर बांधायचे ठरले की निवड बहुधा दोन नमुन्यांपाशी येऊन थांबते. एक, राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी इंग्लंडच्या आईल ऑफ वाइट बेटावरील आपल्या ऑस्बर्न हाउस या निवासस्थानाच्या आवारात १८५३-५४ मध्ये आपल्या मुलांसाठी उभारलेले स्विस कॉटेज; दुसरे, अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे ‘द ब्रेकर्स’ या हवेलीच्या बागेत १८८६ मध्ये पीबॉडी अँड स्टर्न्स या वास्तुरचनाकारांनी उभारलेले क्वीन ॲन शैलीचे घरकुल.

देखणेपणात क्वीन ॲन शैली सरस आहे, हे मान्य करायला हवे. माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्यांच्या भिंती, कातीव खांबांची ओसरी आणि छपराच्या कडेला लाकडी झालर! यंत्रकरवतींनी हे नक्षीकाम स्वस्त केले आणि त्या काळच्या हौसेला धरबंध राहिला नाही. न्यू जर्सीतील आमच्या परसात मीही थोरल्या मुलीसाठी तेच बांधले, झालरीला तीन रंग दिले आणि पहिले वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवले.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघू लागले. बर्फाचे पाणी नक्षीच्या प्रत्येक वळणात साचते आणि तिथे ना ब्रश नीट पोहोचतो, ना पॉलिश पेपर. पण खरी अडचण कष्टांची नव्हती. रंगकामाला कोरडी, उबदार हवा लागते आणि मुलांचे बाहेर खेळायचे दिवसही नेमके तेच असतात. त्यामुळे सलग दोन उन्हाळे मी लेकीला तिच्याच घराच्या दारात “हात लावू नकोस, रंग ओला आहे,” एवढेच सांगत राहिलो.

धाकट्यासाठी स्विस वळणाचे घर केले. त्याला रुंद वळचण, साधा सज्जा आणि लाकडाला नुसते तेल दिले आहे. ऑस्बर्नची राजमुले तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात रांधत, आपापली आद्याक्षरे घातलेल्या हातगाड्या घेऊन वाफे राखत आणि पिकवलेली भाजी वडिलांना बाजारभावाने विकत. आमच्याकडे भातुकलीसाठी एक ओटा आणि मेथीचा एक वाफा, एवढ्यावर भागते.

कोरड्या हवेत राहणाऱ्यांना किंवा रंगारी परवडणाऱ्यांना माझे मत कदाचित पटणार नाही, आणि छायाचित्रे आजही थोरलीच्या घराचीच चांगली येतात. झालर मात्र गेल्या वर्षी उतरवून गराजमध्ये ठेवली आहे. कोणाला हवी असल्यास आनंदाने देईन. रंग तेवढा नव्याने द्यावा लागेल.