आजार सांगावा की लपवावा?

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या घरात कॅन्सरचा रिपोर्ट आला की तो आधी थोरल्या मुलाच्या हातात पडतो. "आईला काही बोलू नका, साहेब, खचेल ती."

लपवणाऱ्यांच्या मनात माया असते, हे नाकारून चालणार नाही. पहिला धक्का टळतो, गड्ड्याची जत्रा नेहमीसारखी पार पडते. पण केमोने केस गळू लागले की आईला कळायचं ते कळतंच. मग ती मुलांसाठी गप्प, मुलं तिच्यासाठी गप्प. एका खोलीत राहून प्रत्येक जण एकटा. माझ्या मते खरी झीज इथे होते.

सांगितलं तर पहिले काही दिवस वाईट जातात; झोप नाही, जेवण नाही. पण नंतर दुखतंय म्हणून मोकळेपणी सांगता येतं, मॉर्फिन मागता येतं. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो हक्क मान्य केला, 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आजारच ठाऊक नसेल तर या कागदावर लिहिणार काय?

अमेरिकेतही 1961 च्या एका पाहणीत बहुतेक डॉक्टर लपवण्याच्या बाजूचे निघाले होते. 1979 पर्यंत चित्र पार उलटलं. तेव्हा लपवण्यासाठी दिलं जाणारं 'आपली संस्कृतीच तशी' हे कारण मला पटत नाही.

अर्थात, एखादी आजी स्वतःच म्हणते, "मला नका सांगू, पोराशी बोला." तिथे गप्प राहणंच योग्य. पण आधी तिला विचारलेलं असावं.