कॉम्प्रेसरचं ‘विंटर ऑइल’ दारावर विकायला आलं तर घेऊ नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं फेटलिंगचं शेड आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, त्यांच्या फिन, म्हणजे कडेला राहिलेल्या धातूच्या पातळ पापड्या काढायच्या, ग्राइंडर मारायचा, माल परत पाठवायचा. चार पोरं आणि मी. सगळी हत्यारं हवेवर चालतात, त्यामुळे १० एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर बंद पडला की शेड बंद.

जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो. नदीकडून धुकं सुटलेलं असतं आणि पत्र्याच्या शेडमधलं लोखंड हात लावू देत नाही. त्या दिवसांत सकाळी सातला बटण दाबलं की मोटर घुमायची, बेल्ट किंचाळायचा आणि दहा सेकंदांत ओव्हरलोड रिले पडून मोटर बंद व्हायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी कसाबसा चालू व्हायचा. नऊनंतर काहीच तक्रार नाही. तेल थंडीने घट्ट होतंय हे मला कळत होतं, पण त्यात कुठलं तेल घालायचं हे नीट माहीत नव्हतं. आमचे नेहमीचे मिस्त्री मामा नेमके गावाकडे गेलेले.

अशात एक माणूस छोटा टेम्पो घेऊन आला. शेजारच्या दोन शेडमध्ये माल दिलाय म्हणाला. गाडीत नामांकित कंपनीच्या लेबलचे ५ लिटरचे डबे होते. मी सकाळचा त्रास सांगितला, तसा तो लगेच दोन बाटल्या घेऊन खाली उतरला. एकीत माझ्याच डब्यातलं जुनं तेल भरलं, दुसरीत त्याचं. दोन्ही बाटल्या एकदम उलट्या धरल्या. माझं तेल मधासारखं ओघळत राहिलं आणि त्याचं सरसर खाली आलं.

“मालक, ह्ये बघा, पाण्यागत पळतंय. खास थंडीचं हाय, विंटर ग्रेड. तुमचं तेल म्हंजे उन्हाळ्याचं.”

पोरं बघत होती, मीही बघत होतो. लिटरला १४० रुपये. दुकानात कॉम्प्रेसर ऑइलला जवळजवळ दुप्पट पडतात. मी दोन डबे घेतले. पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, “संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो,” आणि कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली. ते बिल कधीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर पहिल्या बटणाला चालू झाला. म्हणून तर माझा विश्वास बसला.

पाचव्या-सहाव्या दिवशी ग्राइंडर चालवणारा पोरगा म्हणाला, हवेला वास येतोय. मी मनावर घेतलं नाही. मग फाउंड्रीतून फोन आला की कास्टिंगवर तेलाचे ठिपके आहेत, प्रायमर धरत नाही, माल परत पाठवतोय. ऑइल गेज बघितला तर पातळी निम्म्यावर. मी त्याच डब्यातलं अजून ओतलं. अकराव्या दिवशी दुपारी आतून खडखड ऐकू आली आणि बंद करायला धावेपर्यंत कॉम्प्रेसर जाम झाला.

मिस्त्री मामांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह प्लेटवर काळी, चिकट काजळी बसली होती. एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख अडकावं इतके खोल. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग घासून पितळी दिसायला लागलेलं. मामांनी उरलेल्या डब्यातलं तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात चोळले आणि माझ्या नाकापुढे धरले.

“मालक, ह्ये तेल न्हाई. गाडीचं जळकं तेल गाळून त्यात रॉकेल मारलंय.”

मग वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकून ठेवला. अर्ध्या तासाने मधे काळसर डाग आणि त्याच्याभोवती फिकट, रुंद कडं पसरलेलं. मी दुकानातून नवीन आणलेल्या तेलाचा थेंब शेजारी टाकला, त्याचा डाग एकसारखा होता.

त्या माणसाने मला फक्त अर्धी गोष्ट दाखवली. थंडीत तेल पातळ असावं हे खरं आहे, पण तेच तेल दुपारी तापल्यावरही पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे टिकून राहिलं पाहिजे. बाटली उलटी करून फक्त पहाटेचं कळतं. आपल्यासारख्या पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये सिलिंडरमधून बाहेर पडणारी हवा १५० अंशांच्या वरही जाते. तेलाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेटू शकते तो फ्लॅश पॉइंट, चांगल्या कॉम्प्रेसर ऑइलचा तो २०० अंशांच्या वर असतो. रॉकेलचा ४० च्या आसपास. म्हणजे तापल्यावर रॉकेल वाफ होऊन हवेबरोबर निघून गेलं, मागे जळकं तेल आणि काजळी राहिली. डिलिव्हरी पाइपमध्ये अशी काजळी साठली की ती पेटूही शकते. माझी चार पोरं त्या पाइपशेजारी उभी राहून काम करत होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पैसे गेले त्याचं एवढं काही वाटत नाही.

मग खरं तेल कुठलं? डब्यावर आयएसओ व्हीजी आणि पुढे आकडा असतो. तो ४० अंश तापमानाला तेल किती घट्ट आहे ते सांगतो. आपल्याकडे पिस्टनच्या कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा व्हीजी १०० चालतं, म्हणजे घट्टपणाला साधारण गाडीच्या तेलाच्या एसएई ३० च्या जोडीचं. हेच तेल १२ अंशांवर पाच पटींहून जास्त घट्ट होतं. थंडीसाठी एक पायरी खाली, व्हीजी ६८ घालतात. कोल्हापूरच्या थंडीला तेवढं पुरतं, त्याहून पातळ शोधत बसायची गरज नाही. पण आधी मशीनच्या पुस्तकात किंवा प्लेटवर काय लिहिलंय ते बघा, तोच शब्द शेवटचा. डब्यावर डीआयएन ५१५०६ व्हीडीएल लिहिलेलं असेल तर ते गरम हवेत कमी काजळी धरणारं, कॉम्प्रेसरसाठीच केलेलं तेल. गाडीचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली घाण धरून ठेवणारी रसायनं हवेतल्या दमटपणाचं पाणीही धरून ठेवतात आणि थंडीत गेजमध्ये तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं.

आणि हेही सांगायलाच हवं, कारण ते कळलं असतं तर तेल बदलायची घाईच झाली नसती. मामांनी दाखवलं की माझा अर्धा त्रास तेलाचा नव्हताच. कॉम्प्रेसर थांबला की प्रेशर स्विचजवळून ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. हेडवरची हवा सुटते, म्हणून पुढच्या वेळी मोटरला मोकळं फिरता येतं. माझ्याकडे तो आवाज कित्येक दिवस येत नव्हता. अडकलेली हवा आणि वर घट्ट तेल, मोटर उचलणार कशी? टाकीतली हवा मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आणि हेडवरची हवा सोडणारा अनलोडर साफ करायला मामांना पाऊण तास लागला.

बोअरिंग, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह प्लेट मिळून ११,४०० रुपये गेले. चार दिवस शेड बंद, परत आलेला माल पुसून द्यावा लागला तो वेगळा. त्या माणसाचा नंबर बंद. तक्रार करायची तर हातात काय? कोरी चिठ्ठी. ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही असं आपण धरून चालतो, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर बसू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण बिलावाचून कुणीच फार काही करू शकत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून दोन मिनिटांत तपासता येतो. माल उतरवून घेण्याआधी तपासा.

डबे नीट आठवून पाहिले तेव्हा लक्षात आलं. झाकणाची रिंग आधीच तुटलेली होती आणि बॅच नंबर स्केच पेनने लिहिलेला. लेबल मात्र खरं होतं. आपणच रिकामे डबे भंगारात धडधाकट देतो, त्यांतच हे भरलं जातं. आता मी प्रत्येक डब्याला खिळ्याने तीन-चार भोकं पाडूनच देतो, आणि जळकं तेल परवानाधारक रिसायकलवाल्यालाच.

गेल्या आठवड्यात गोकुळ शिरगावच्या एका दोस्ताचा फोन आला. टेम्पोवाला आलाय, दोन बाटल्या उलट्या करून दाखवतोय, तेल भारी पातळ आहे, एक डबा ओतूनही झालाय, घेऊ का अजून? मी म्हटलं, आधी मेन स्विच पाड आणि ड्रेन प्लग काढ, बाकीचं मग बोलू.