टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन: इंदूरहून तळ्यावर आणि वायनरीत, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. तळ्याकाठी या गाडीला तोड नाही. वायनरीत, म्हणजे द्राक्षबागेत वाईन बनते तिथे, ती कामाला येते, पण रात्रीच्या मुक्कामाची परवानगी हातात असेल तरच. आणि एप्रिल-मेमध्ये घाट उतरून नर्मदाकाठच्या निमाडात गेलात तर तिची भट्टी होते.

गाडी म्हणजे लांब चेसिसची जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर, आतून पूर्ण बदललेली. मागे आडवा पलंग, मध्ये समोरासमोर बाकं आणि घडीचं टेबल, दाराशेजारी छोटा ओटा, कोपऱ्यात कपाटाएवढं न्हाणीघर आणि त्यातच टॉयलेट. आम्ही दोघं असतो, कधीमधी मुलगी येते. चौघांची म्हणून विकली गेली होती. चौघं त्यात आरामात जेवतात, झोपतात मात्र अडीचच. दिवाळीनंतर घेतली, त्यामुळे एक हिवाळा, अख्खा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा बघून झालाय. सुदामानगरात घरासमोर उभी असली की शेजारी अजून विचारतात, ‘भिया, मकान बेच दिया क्या?’

अशी गाडी घ्यायची असेल तर पलंग नंतर बघा, आधी आरसी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या अशा गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर अजून प्रवासी वाहनच लिहिलेलं असेल आणि आत गॅस-सिंक बसवलेलं असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीशी बोलताना घाम फुटेल. परवान्याची काळजी नको, ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला कारचाच परवाना चालतो. टोलवर मात्र कारचा दर लागत नाही, मिनीबसचा लागतो. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, तेही ऐंशीच्या आत ठेवली तर.

आता विजेचं गणित, कारण विकणारा नेमकं हेच सांगत नाही. माझ्याकडे १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनेल आहेत. बॅटरीत साधारण अडीच युनिट मावतात. एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. म्हणजे रात्री दहाला लावला की साडेबाराच्या आत सगळा कारभार बंद, फ्रीजसकट. ‘सोलरवर चालणारा एसी’ ही जाहिरात खोटी नाही, फक्त किती वेळ चालणारा ते त्यात लिहिलेलं नसतं. एसी सोडून बाकी सगळं मजेत चालतं: बारा व्होल्टचा फ्रीज, दोन पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल. स्वच्छ उन्हात पॅनेल दिवसाला दीड युनिट देतात आणि तेवढं आम्हाला पुरतं. गोम अशी की पॅनेलला ऊन हवं असतं आणि आपल्याला सावली. गाडी झाडाखाली लावली तर बॅटरी उपाशी, उघड्यावर लावली तर आपण भाजतो. शेवटी एक सुटं पॅनेल आणि दहा मीटर वायर घेतली. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती असं माझं मत.

पाण्याची टाकी १२० लिटरची आहे. भांडी कमी घासली आणि अंघोळ तांब्याने केली तर दोघांना अडीच-तीन दिवस जातात. शॉवर बसवलेला आहे, पण तो मुलीने वापरला की टाकी एका दिवसात खडखडाट. कॅसेटचं, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते असं केमिकल टॉयलेट वीस लिटरचं आहे आणि ते रिकामं करणं हे पुरुषमंडळींचं काम, यावर आमच्या घरी चर्चा होत नाही. ते शौचालयातच ओतायचं, झुडपात नव्हे. ज्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर सोडला नाही, तिथल्या माणसाने बाहेरगावी जाऊन घाण करावी हे शोभत नाही.

तळ्याकडे येतो, कारण गाडी घेतली ती खरं तर गळासाठीच. जवळ चोरलचं धरण आहे, महूच्या पुढे. शनिवारी दुपारी निघून रविवारी जेवायला घरी, एवढंच ते अंतर. पण खरा आनंद हनुवंतियाच्या बाजूला, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणावर. ९१३ चौरस किलोमीटरचं पाणी आहे, समोरचा काठ दिसतच नाही. त्याच पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद गाव गेलं. आमच्या ओळखीतल्या एकांचं आजोळ तिथलं. ते बरोबर आले की तासभर पाण्याकडे बघत बसतात आणि गळाला हात लावत नाहीत.

रोहू आणि कटला उजाडताना आणि दिवेलागणीला चांगले लागतात. इंदूरहून पहाट गाठायची तर रात्री अडीचला घर सोडावं लागायचं, आणि पोचेपर्यंत अर्धी ताकद ड्रायव्हिंगमध्ये संपलेली. आता दार उघडलं की पन्नास पावलांवर पाणी. अंधारातच काठ्या लावायच्या, टोकाला घुंगरू बांधायचं आणि आत येऊन चहा ठेवायचा. घुंगरू वाजलं की चहा तसाच सोडून पळायचं. कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडा गूळ आणि चिमूटभर हिंग, एवढ्यावर रोहू येतो. मरळ हवा असेल तर गवताच्या कडेने जिवंत आमिष लागतं. त्याचा वास पलंगाखालच्या कप्प्यातून जाता जात नाही, म्हणून मी मरळाचा नाद सोडला. हॉटेलात राहून ही पहाट मिळत नाही, आणि तंबूत मिळाली तरी साठीच्या कंबरेला तंबू मानवत नाही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि मोकळी झालेली काळी जमीन वरून कडक दिसते. भरलेल्या टाकीसह ही गाडी चार टनांच्या घरात जाते. वरचा पापुद्रा फुटला की मागची चाकं बसली, मग ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. मी मुरमाच्या रस्त्यावरून खाली उतरत नाही, कोणी कितीही ‘आने दो, आने दो’ म्हणो. दुसरी गोष्ट परवानगीची. मोठ्या जलाशयांवर मध्य प्रदेशात मत्स्य महासंघाचं चालतं, लहान तलाव समित्यांकडे किंवा ठेक्याने दिलेले असतात. काठावरच्या मच्छीमारांना आधी विचारावं, पैसे सांगतील ते द्यावेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपला शौक. १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू असतो, तेव्हा गळ माळ्यावर. आणि नर्मदेच्या पाण्यात कधी महाशीर, म्हणजे इथल्या भाषेत बाडस, लागलाच तर गळ हळू काढून परत सोडायचा. २०११ पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, आणि त्याच्या विणीला वाहतं पाणी लागतं, जे धरणांनी अडवलंय.

मासा तळायचा तो बाहेर, सतरंजी टाकून, पाच किलोच्या सिलिंडरवर. आत तळला तर आठवडाभर उशांना वास. मीठ, हळद, तिखट आणि तळल्यावर वरून जीरावण, म्हणजे पोह्यांवर टाकतात तो इंदुरी मसाला. नाशिककर नाक मुरडतात, मुरडू देत.

नाशिकचा पल्ला चारशे किलोमीटरच्या वर आहे. मानपूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मग खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळे, मालेगाव. एका दमात होतो, पण आम्ही करत नाही. चांदवडला थांबतो. अहिल्याबाईंचा रंगमहाल तिथे आहे, आणि इंदूरच्या माणसाने होळकरांच्या दारावरून न थांबता जावं हे आमच्या आईला कधी पटलं नसतं. रेणुकामातेचं दर्शनही होतं.

वायनऱ्यांना जायचं तर जानेवारी ते मार्च. द्राक्षवेलीची आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, इथे तिला झोप नसते, म्हणून पीक हिवाळ्यात येईल अशी छाटणी करतात. त्यामुळे मार्च उलटल्यावर गेलात तर बागेत बघायला नुसत्या काड्या. तोडणी पहाटे गारव्यात होते. बागेशेजारी मुक्काम असेल तर ती बघायला मिळते, आणि गाडीचा इथला सगळ्यात मोठा फायदा माझ्या लेखी हाच. टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाईन चाखायच्या दालनात, पोचणारे पाहुणे दुपारी बाराला येतात, तोवर क्रेटं आत गेलेली असतात.

सुला सगळ्यांना माहीत आहे. २००० साली त्यांची पहिली वाईन आली आणि २००५ मध्ये टेस्टिंग रूम. नाशिकला वाईनसाठी फिरायला जायची पद्धत तिथून रुजली. गंगापूर धरणाच्या बाजूला यॉर्क आहे, आटोपशीर आणि निवांत, समोर धरणाचं पाणी. मी वाईनचा जाणकार वगैरे नाही. शेनिन ब्लाँ थोडी गोडसर असते आणि तिखट तळलेल्या माशाबरोबर छान जाते, सॉव्हिन्यों ब्लाँला हिरव्या गवताचा वास येतो, आणि शिराझ मला रात्री जड होते. एवढं माझं ज्ञान. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला आपल्याकडे लोक लाजतात. लाजू नये, पाच-सहा प्रकार घ्यायचे असतील तर डोकं ठिकाणावर राहतं.

पिऊन गाडी चालवायची नाही, हे सांगायला नको. तरी आकडा सांगतो: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कलम १८५, पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कॅम्परचा मोह असा की चाखायचं, पडदे ओढायचे आणि तिथेच झोपायचं. पण ‘तिथेच’ म्हणजे कुठे, ते आधी ठरलेलं हवं. एका वायनरीने फोनवर ‘या, राहा पार्किंगमध्ये’ म्हटलं आणि रात्री दहाला सुरक्षारक्षकाने फाटक बंद करायचंय म्हणून बाहेर काढलं. मी चार ग्लास चाखलेला. सौ. घेत नाही आणि ही गाडी तिला माझ्यापेक्षा बरी चालवता येते, म्हणून निभावलं. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या आवारात, ट्रकांच्या रांगेत रात्र काढली. तेव्हापासून परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतो, देणाऱ्याच्या नावासकट. ती मिळाली नाही तर नाशिकच्या मामेभावाच्या सोसायटीत गाडी लावून रिक्षाने जातो. तिथे विजेचं कनेक्शनही मिळतं आणि वहिनींच्या हातचं जेवणही, त्यामुळे तक्रार नाही.

बागांमधले रस्ते अरुंद असतात आणि विजेच्या तारा खाली लोंबतात. एसी धरून गाडीची उंची साडेनऊ फुटांच्या आसपास, म्हणून एकाने उतरून पुढे चालायचं. बाटल्या दुपारी बंद गाडीत ठेवू नका, उकाड्याने वाईन बिघडते. आणि महाराष्ट्रातल्या बाटलीवर फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. बिजासनची सीमा ओलांडून डझनभर आणायची हौस अबकारीवाल्यांच्या हवाली होऊ शकते. आम्ही तिथे घेतो ते तिथेच संपवतो, बाकी इंदूरच्या दुकानात मिळतं.

मासे आणि वाईन एकाच फेरीत जमतं का, असं बरेच जण विचारतात. जमतं, पण नाशिकला मासे धरायचा हट्ट सोडला तर. तिथल्या धरणांवर मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात आणि रांगा लावून परवानगी शोधण्यात अर्धा दिवस जातो. नांदूर मध्यमेश्वरला तर गळ काढायचाच नाही, ते पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. दुर्बीण घेऊन जा. आमचा क्रम असा बसलाय: आधी नाशिक, परतीच्या वाटेवर खरगोनमार्गे इंदिरा सागर, मग घर. उलट केलं तर माशांचा वास घेऊन वायनरीत जावं लागतं.

कारागिरीबद्दल. ज्या वर्कशॉपने आतलं काम केलं त्यांनी प्लायवूड हलकं वापरलं आणि कपाटांच्या कडा उघड्या ठेवल्या. पहिल्याच पावसात दोन दारं फुगली. छतावर पॅनेलच्या स्क्रूभोवती सिलिकॉन कमी होतं, तिथून थेंब थेंब गळायचं, तेही बरोबर माझ्या उशीवर. फोन केला की ‘भेज दो, देख लेंगे’. शेवटी महूनाक्यावरच्या एका बॉडीवाल्याने सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले आणि कडांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मारल्या. त्यानंतर ठिपकाही नाही. नवी घेणाऱ्याने ताबा घेण्याआधी छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडून बघावं, विकणाऱ्याचं तोंड वाकडं झालं तरी.

सध्या गाडी दारातच आहे. गादीला बुरशी येऊ नये म्हणून ती उभी करून ठेवलीय, उंदरांसाठी वायरिंगजवळ डांबरगोळ्या टाकल्यात आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करतो. बाजूचं ताडपत्रीचं छत वाऱ्याने फाटलंय, ते फळछाटणीच्या आधी बदलून घ्यायचंय. रेक्झिनचं घ्यावं की कॅनव्हासचं, यावर सौ.चं आणि माझं अजून एकमत नाही.